रक्तीच्या पानावर जाहिरात नाही

आमच्या साइटवरच्या जाहिराती बंद पडल्यात हे मला बरेच दिवस कळलंच नाही. बायको गेल्यानंतर मी साइट उघडलीच नव्हती. मुलीनं पुण्याहून फोन केला तेव्हा कळलं. ती आईनं लिहिलेली कसलीशी चटणी शोधत होती. म्हणाली, "बाबा, पानं अशी मोकळी का दिसतायत? जाहिराती कुठे गेल्या?"

बघतो म्हटलं, आणि फोन ठेवून तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही बघितलं नाही. त्या काळात माझं असंच चाललं होतं. एखादं काम डोक्यात यायचं, बरोबर समजायचं, आणि मग ते कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं बाजूला जाऊन पडायचं. शेजारी विचारायचे, जेवलात का. मला आठवावं लागायचं.

साइट आम्ही दोघांनी सुरू केली होती, मुलुंडच्या आमच्या घरात, मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर. बायको मालवणची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा माझे वडील गिरणीतून घरी बसलेले, घरात माणसं फार आणि स्वयंपाकघर एवढंसं. त्या एवढ्याशा जागेत ती काय काय करायची ते लिहून ठेवावं असं मुलीनं सुचवलं. मी साकीनाक्याला एका कंपनीत छपाईच्या मशिनींची दुरुस्ती करायचो, कॉम्प्युटरचं थोडंफार कळायचं. मी पानं बांधली, तिनं लिहिलं. मग लोक म्हणाले, आमच्याही पाककृती टाका. तिनं टाकल्या. वर्षभरात अशी पाळी आली की तिच्या स्वतःच्या पाककृती मूठभर आणि लोकांच्या ढीगभर. कुणी वसईची, कुणी नांदेडची, कुणी मस्कतला राहणारी. खाली कमेंट. कमेंटमध्ये भांडणं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालायची की अख्खी, यावर माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

साइट चालवायला खर्च येतोच, म्हणून मी जाहिराती लावल्या. ते सोपं असतं. जाहिरात कंपनीकडे नाव नोंदवायचं, त्यांनी दिलेल्या चार ओळी पानात टाकायच्या, की जाहिराती आपोआप येऊ लागतात. कुठल्या येणार ते आपल्या हातात नसतं. तेल, मिक्सर, गुडघ्याचं मलम, कर्ज. बायकोची एकच अट होती, साहित्य आणि कृती यांच्या मध्ये जाहिरात नको. लोकांचे हात पिठात असतात, तेव्हा त्यांना मोबाइलवर बोट फिरवायला लावू नका, म्हणाली. मी जाहिरात तळाशी, कमेंटच्या वर नेली. तिथे कमी लोक पोचतात. पण साइटचं भागायचं, वरून घरचं लाइटबिल निघायचं.

कमेंट ती बघायची. लोकांनी लिहिलेलं आधी तिच्याकडे यायचं, ती वाचायची, मंजूर केलं की दिसायचं. सकाळी चहा झाला की खिडकीपाशी बसून हेच काम. मला वाटायचं, टाइमपास करते. कुणी वाकडं लिहिलं तर काढून टाकायच्या आधी त्याला उत्तर लिहायची, "दादा, जेवण आवडलं नाही तर पानावरून उठावं, ताट लाथाडू नये," असलं काहीतरी. बऱ्याचदा तो माणूस माफी मागायचा आणि पुढच्या महिन्यात स्वतःची पाककृती पाठवायचा.

हॉस्पिटलमध्ये दाखल झाली तेव्हा तिनं मला सांगून ती मंजुरीची पद्धत बंद करून घेतली. म्हणजे कुणी लिहिलं की लगेच दिसणार. म्हणाली, "मी इथं किती दिवस असेन कोण जाणे. लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं." पाककृती मात्र ती तिथूनही बघत होती. हाताला सुई, म्हणून फोन मी धरायचो.

ती गेल्याचं मुलीनं साइटवर लिहिलं. खाली भरपूर कमेंट आल्या असं म्हणाली. मी वाचल्या नाहीत.

तर अखेर एका दुपारी मी मेल उघडला. जाहिरात कंपनीचं पत्र होतं, म्हणजे पत्र कसलं, मशीननं लिहिलेलं. तुमच्या साइटवर वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरात नियमांचा भंग झालेला आहे, अपमानास्पद मजकूर आढळला, म्हणून जाहिराती थांबवल्या आहेत. वापरणाऱ्यांनी काहीही लिहिलं तरी जबाबदारी साइटच्या मालकाची. दुरुस्त करा आणि पुन्हा तपासणीसाठी कळवा. खाली नमुना म्हणून एका पानाचा पत्ता. मी तो उघडला. रक्तीचं पान होतं.

रक्ती म्हणजे बोकडाचं रक्त. मटणवाला मीठ घालून थिजवून देतो, ते उकडून कांद्या-मिरचीवर परतायचं. पाककृती घाटकोपरच्या एका बाईंनी पाठवली होती. त्यांचं माहेर बीडकडचं. रविवारी वडील मटण आणत तेव्हा ही रक्ती आधी व्हायची, कारण मटण शिजायला वेळ लागतो आणि मुलांना धीर नसतो, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी त्यांचं पूर्ण नाव आणि 'जय भीम'.

खालच्या कमेंट मी वरपासून वाचायला सुरुवात केली. पहिल्या काही चांगल्या होत्या. एकानं लिहिलं होतं, आमच्याकडे यात खोबरं घालतात. एका बाईनं लिहिलं होतं, आई गेल्यापासून खाल्ली नाही, आज करते. मग कुणीतरी शी म्हटलं. मग त्याच्याखाली आणखी चौघं आले. मग त्या पदार्थावरून आडनावावर गेले, आणि आडनावावरून जातीवर. काहींनी सरळ लिहिलं होतं, काहींनी फिरवून, पण इथं वाढलेल्या कुणालाही कळेल असं. शिव्या देणारे अर्धे लोक साइटवर नवे होते, कुठून आले माहीत नाही. उरलेल्या अर्ध्यांची नावं माझ्या ओळखीची होती. पुरणपोळीच्या पानावर, उकडीच्या मोदकांच्या पानावर त्यांनी बायकोला ताई ताई म्हणून लिहिलेलं मी वाचलं होतं.

मला राग यायला हवा होता. मी वाटही पाहिली. काही आलं नाही. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल चावला गेला तरी कळत नाही, तसं काहीतरी. मी त्या शिव्यांच्या कमेंट एकेक करून काढत गेलो. दर वेळी स्क्रीनवर विचारणा व्हायची, नक्की काढायची का. मी हो म्हणायचो.

मग बाकीची पानं. पत्रात एकाच पानाचा पत्ता असला तरी तपासणारे सगळी साइट बघतात. ती हॉस्पिटलमध्ये असल्यापासून कमेंटकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे जुगाराच्या, कर्जाच्या, ताकदीच्या गोळ्यांच्या कमेंट पावसाळ्यातल्या शेवाळासारख्या सगळीकडे चढल्या होत्या. सोलकढीच्या खालीसुद्धा. रोज सकाळी तिच्या खुर्चीत बसून मी हेच करत राहिलो. माझ्या लक्षात आलं की हे काम केलं की जेवणाच्या वेळेला भूक लागते. म्हणून करत राहिलो.

रक्तीच्या पानावरच्या त्या वादातली एक कमेंट मात्र मी ठेवली होती. पार्ल्याच्या एका निवृत्त गृहस्थांची. साइटच्या पहिल्या दिवसांपासूनचे वाचक, भाषा शुद्ध, कधी वावगा शब्द नाही. त्यांनी लिहिलं होतं, "प्रत्येकाची आवड असते, मान्य आहे. पण असे पदार्थ या घरगुती साइटवर नसावेत. ताई असत्या तर त्यांनी हे चालू दिलं नसतं."

यात नियमभंग नव्हता. मशीननं त्यावर बोट ठेवलं नसतं. पण ही पाककृती आली ती हॉस्पिटलमधली संध्याकाळ मला आठवत होती. मी फोन धरलेला, ती उशीला टेकून वाचत होती. आजारपणात ती पुन्हा मालवणीवर आली होती. मला म्हणाली, "फोटो मोठो करा." मी केला. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कांदो जास्त पडलो हा. पण बरा दिसता. टाका." मी मंजूर केलं. त्यानंतर तिनं आणखी एखाददुसरी पाककृती बघितली असेल.

मी त्या गृहस्थांच्या कमेंटखाली लिहिलं, "ही पाककृती तिनंच हॉस्पिटलमधून मंजूर केली होती. त्या वेळी मी शेजारी होतो." माझ्या नावानं मी साइटवर लिहिलेलं ते पहिलंच वाक्य असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. नंबर त्यांच्याकडे होता, एकदा त्यांच्या दिवाळी अंकासाठी आमच्याकडून जाहिरात हवी म्हणून त्यांनी घेतला होता. आधी त्यांनी बायकोबद्दल दोन वाक्यं म्हटली. मग म्हणाले, "माझा उद्देश कुणाला दुखवण्याचा नव्हता हो."

"नसेल," मी म्हटलं.

"मला आपलं वाटलं, की त्यांच्या नावाला..."

ते थांबले. मग म्हणाले, "मी माझी कमेंट काढतो." मी म्हटलं, "राहू दे. खाली उत्तर आहे." त्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांचं नाव मग साइटवर बरेच दिवस दिसलं नाही.

सगळं साफ करून मी जाहिरात कंपनीला कळवलं. काही दिवसांनी उत्तर आलं. बाकी साइट ठीक, पण तेच पान अजूनही अडकलेलं. या खेपेला कारण वेगळं होतं: धक्कादायक, रक्तरंजित मजकूर. मी ते दोनदा वाचलं. कमेंट आता स्वच्छ होत्या. उरली होती ती पाककृती. मशीनला त्यात रक्त हा शब्द पुन्हा पुन्हा दिसला असणार, आणि फोटोत कढईतला तो काळपट-तांबडा रंग. जोवर ते पान तसं आहे तोवर सगळ्या साइटच्या जाहिराती बंद.

मी मुलीला सांगितलं. ती ऑफिसमध्ये होती, घाईत होती. म्हणाली, "काढून टाका ना बाबा ते पान. एकच तर आहे. त्या बाईंना मेल करा, समजतील."

तिचं चुकीचं नव्हतं. मी त्या बाईंना मेल लिहायला बसलो आणि काय लिहावं कळेना. तुमच्या पाककृतीखाली लोकांनी घाण केली, ती मी धुतली, आता पाककृतीच घाण ठरली आहे. असं कसं लिहिणार. शेवटी एवढंच लिहिलं की तुमच्या पानाबद्दल बोलायचं आहे, सवडीनं फोन करा.

त्यांनी त्याच दुपारी केला. अंधेरीला विम्याच्या ऑफिसात होत्या, जेवणाची सुट्टी चालू होती, मागे डबे उघडल्याचे आवाज येत होते. मी जमेल तसं सांगितलं. कमेंटचा भाग आला तेव्हा त्या म्हणाल्या, "माहितीये काका. मी वाचलं होतं सगळं. आल्या आल्याच वाचलं होतं."

"मग काही कळवलं नाहीत?"

"काकू हॉस्पिटलमध्ये होत्या असं साइटवर लिहिलं होतं ना. मग त्या गेल्या. त्यात मी कुठं मध्ये येऊ. आणि हे काही पहिल्यांदा नाही. ऑफिसात डबा उघडताना पण कळतं कोण खुर्ची सरकवतंय."

हे त्यांनी सहज, ऑफिसातल्या पंख्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी हं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आता काय करणार? पान काढणार?"

"माहीत नाही अजून."

"आई विचारते अधूनमधून, आपलं आहे का अजून तिथं म्हणून. तिला वाचता येत नाही, पण फोटो बघते. तिच्या कढईचा फोटो आहे." मग म्हणाल्या, "एक करा काका. रविवारी घरी या. खाऊन बघा, मग काय ते ठरवा."

मी कुठे जाण्याच्या अवस्थेत नव्हतो. पण नाही म्हणायलाही एक जोर लागतो, तो नव्हता. हो म्हणालो.

घाटकोपर पूर्वेला, हायवेच्या अलीकडे, पुनर्वसनातल्या इमारतीत त्यांचं घर. लिफ्ट चालू होती. दारातून दिसेल असा बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, खाली शोकेसमध्ये मुलाची कुस्तीतली पदकं. मुलगा आणि नवरा लग्नाला गेले होते. त्यांची आई पलंगावर बसली होती, सत्तरीच्या पुढची, ऐकू कमी यायचं. त्यांनी मला बघितलं आणि मुलीला मोठ्यानं विचारलं, "बायको गेली ते हेच का?"

"हो आई."

"बस रं बाबा," त्या मला म्हणाल्या. मी बसलो.

त्यांच्या मुलीनं ताट आणलं. भाकरी, रक्ती, कच्चा कांदा. मी खाऊ लागलो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून मला चव लागत नव्हती. गरम कळायचं, गार कळायचं, पोट भरल्याचं कळायचं. दोघी समोर बसून बघत होत्या. बाईंनी विचारलं, "कसं झालंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण इतक्या भानगडीनंतर छान झालंय म्हणावंसं वाटेना. म्हटलं, "मला हल्ली काही कळत नाही. कशाचीच चव लागत नाही."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटल्याचं दिसलं नाही. "मीठ तरी कळतंय?"

मी आणखी एक घास घेतला. "मीठ बरोबर आहे."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

आईनं काय चाललंय ते विचारलं. मुलीनं त्यांच्या कानाशी जाऊन जाहिरातीचं सगळं समजावलं. कंपनीचं म्हणणं, पान बरोबर नाही, म्हणून जाहिराती देत नाहीत. आईनं विचारलं, "कसली जाहिरात?" मी म्हटलं, "तेलाची येते बहुतेक वेळा." त्या विचार करू लागल्या आणि म्हणाल्या, "रक्तीला तेल लागतंच की."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. ठसका लागला असं समजून आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांची भांडणं वर येत होती. मी ताट संपवलं. आणखी वाढू का विचारलं तेव्हा अर्धी भाकरी घेतली.

निघताना मी बाईंना सांगितलं, "पान राहील. त्या पानावरच्या जाहिरातीच्या चार ओळी काढतो. जाहिरातच नसेल तर त्यांचा नियम तिथं लागत नाही."

"एवढं सोपं होतं?"

"हो."

"मग इथपर्यंत कशाला आलात?"

मी म्हटलं, "तुम्ही बोलावलंत म्हणून."

घरी येऊन मी त्या पानातून जाहिरातीच्या ओळी काढल्या आणि कमेंटची मंजुरी पुन्हा चालू केली. कंपनीला परत कळवलं. या वेळी उत्तर लवकर आलं, तुमच्या साइटवर जाहिराती पूर्ववत करण्यात आल्या आहेत. मी घावण्यांचं पान उघडून बघितलं. खाली मिक्सरची जाहिरात फिरत होती. बरं वाटायला हवं होतं. बंद नळ चालू झाल्यावर वाटतं तेवढंच वाटलं.

मुलीला कळवलं. तिनं विचारलं, "पान काढलं?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "आईनं पण नसतं काढलं." नंतर त्या पानावर तिच्या नावानं एक कमेंट मंजुरीला आली. ताजं रक्त पुण्यात कुठे मिळतं, एवढंच विचारलं होतं तिनं. मी मंजूर केली.

तिला उत्तर द्यायला मला जमणार नव्हतं. स्वयंपाकातलं मला काहीच कळत नाही. लोक विचारतात, नारळाचं दूध फाटलं तर काय करायचं, आणि मी बघत राहतो. म्हणून घाटकोपरच्या बाईंना विचारलं, उत्तरं तुम्ही द्याल का. त्या म्हणाल्या, दुपारच्या सुट्टीत देईन, पण मालवणी पदार्थांतलं मला विचारू नका. त्यामुळे मालवणी पदार्थांचे प्रश्न बरेच दिवस तसेच पडून राहिले. मग एक दिवस पार्ल्याच्या गृहस्थांची कमेंट मंजुरीला आली. नारळाच्या दुधाच्या प्रश्नाला त्यांनी व्यवस्थित, मुद्देसूद उत्तर लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्या प्रश्नाला. मी दोन्ही मंजूर केली. आमचं त्यावर बोलणं झालं नाही. रक्तीच्या पानावर ते पुन्हा काही लिहीत नाहीत.

कमेंट वाचणं एवढंच काम मी करतो. वाईट आली तर काढतो. बायकोसारखं उत्तर मला लिहिता येत नाही, एकदा प्रयत्न केला होता, तो माणूस उलट चिडला. त्या जातीवरच्या कमेंट अजूनही येतात, अधूनमधून. फक्त आता त्या माझ्यापर्यंत येतात आणि तिथंच संपतात. बाईंना मी सांगत नाही. त्यांना माहीत असणारच.

परवा साकीनाक्याहून कुणीतरी पाककृती पाठवली. वर्कशॉपमध्ये काम करतो, खोलीवर सहा जण राहतात, एकाच स्टोव्हवर मसूर आणि अंडी एकत्र कशी करायची ते लिहिलं होतं. फोटो हललेला. शुद्धलेखनाच्या नावानं सगळा आनंद. पाणी किती घालायचं ते लिहायला विसरला होता. मी त्याला विचारलं. त्यानं कळवलं, "डाळ बुडून वर बोटाचं एक पेर." मी ते पाककृतीत घातलं आणि पान चालू केलं. खाली पहिली कमेंट यायला फार वेळ लागला नाही. कुणीतरी विचारलं होतं, अंडी आधी उकडायची का.